जुनं मोटारवालं रील लॉन मोव्हर: आधी धार लावायची की आधी बेअरिंग?

नेरूळची_बाग

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये २० इंची रील लॉन मोव्हर बरीच वर्षं पडून आहे. एक एचपीची सिंगल फेज मोटार, ५ पात्यांचं रील (खालच्या स्थिर पात्यावर फिरून गवत कातरणारा पिळाच्या पात्यांचा दंडगोल). मोटारीवरून व्ही-बेल्ट, पुढे रीलला आणि मागच्या रोलरला चेन.

रील हाताने फिरतं, पण खरखरतं. डाव्या टोकाला खालच्या पात्यावर घासतं आणि उजवीकडे कागदसुद्धा कापत नाही. पट्टा काढून मोटार चालू केली तर नुसती गुणगुणते, फिरत नाही. शाफ्ट मात्र हाताने मोकळा फिरतो.

कमिटीत दोन मतं आहेत: भंगारात द्या, किंवा धार लावून आणा. सुरुवात कुठून करावी? आणि धारेचं काम इकडे नवी मुंबईत कोण करून देईल?

टर्नर_रबाळे

भंगारात अजिबात देऊ नका. दोन्ही बाजूंच्या ओतीव प्लेटना तडा नसेल आणि रीलची पाती मधल्या चकत्यांवरून सुटलेली नसतील, तर हे मशीन नक्की उभं राहतं.

धार मात्र सगळ्यात शेवटी. एका बाजूला घासणं आणि दुसरीकडे न कापणं ही बोथटपणाची खूण नाही. बेअरिंग ढिलं असेल, खालचं पातं तिरकं बसलं असेल किंवा रील शंकूसारखं झिजलं असेल. ढिल्या बेअरिंगवर लावलेली धार पहिल्या आठवड्यातच जाते आणि ग्राइंडिंगचे पैसे पाण्यात.

प्लग काढा, चेन उतरवा. रीलचं टोक धरून वर-खाली हलवा, मग डावी-उजवीकडे ढकला. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग बदलायचं. आडवा खेळ जास्त घातक, कारण पाती पिळाची असतात आणि कापताना रील एका बाजूला रेटलं जातं. बंद मशीनवर रील आणि खालच्या पात्यातली फट कितीही बारकाईने लावा, चालू झाल्यावर ती बदलणारच.

बेअरिंगचा नंबर कडेवर कोरलेला असतो. ६२०४ निघालं तर आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७, रुंदी १४. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलंच घ्या, गवताचा रस आणि माती आत जाता कामा नये. शाफ्टवर बसवताना आतल्या कड्यावर पाइप ठेवून ठोका, बेअरिंगच्या घरात (हाउसिंगमध्ये) बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलट केलंत तर गोळ्यांचे खड्डे कड्यावर उमटतात आणि नवं बेअरिंगही पहिल्या दिवसापासून खरखरतं. नवं बेअरिंग शाफ्टवर बोटाने सरकत असेल तर शाफ्ट झिजलाय. त्यावर वेल्डिंगचा भराव देऊन लेथवर माप काढून घ्या. पंच मारून टोचे पाडणं हा तात्पुरता इलाज आहे, रीलला चालत नाही.

आता शंकू. ५ पाती असल्यामुळे समोरासमोर पातं येत नाही, म्हणून व्हर्नियरने व्यास मिळणार नाही. कागदाची अरुंद पट्टी डाव्या टोकाला रीलभोवती घट्ट गुंडाळून खूण करा, तशीच उजवीकडे. पट्टीत १ मिमी फरक म्हणजे व्यासात सुमारे ०.३ मिमी. एवढा फरक घासण्याच्या पेस्टने निघत नाही, रील ग्राइंडिंगलाच द्यावं लागतं. रबाळे, महापे, पावणे भागात किंवा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवाल्यांकडे (गोल वस्तू फिरवत बाहेरून घासून देणारे) चौकशी करा. आधी विचारा, त्यांच्या मशीनच्या दोन सेंटरमध्ये तुमचा शाफ्ट मावतो का.

खालच्या पात्याचे स्क्रू गंजून बसलेले असणार. भेदक तेल रात्रभर, मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर. खाच गेली तर डोकं ड्रिलने उडवा. नवं पातं आणलं तरी ते ज्या आडव्या लोखंडी पट्टीवर कसतात तिच्यावर मधल्या स्क्रूपासून बाहेरच्या बाजूला कसत बसवा आणि बसवल्यावरच सरफेस ग्राइंडिंग (सपाट घासणं) करून घ्या. जुनी पट्टी क्वचितच सरळ असते. पातं सुटं सरळ केलंत तरी कसल्यावर ते पट्टीचाच बाक घेतं.

रिवाइंडिंग_ठाणे

मोटारीचं सांगतो. गुणगुणते पण फिरत नाही आणि शाफ्ट मोकळा आहे, म्हणजे संशय दोन गोष्टींवर: स्टार्टिंग कपॅसिटर किंवा सेंट्रिफ्यूगल स्विच (मोटारीने वेग घेतल्यावर स्टार्टिंग वायंडिंग तोडणारा). गुणगुणत असताना दोन-तीन सेकंदांच्या वर चालू ठेवू नका, वायंडिंग जळेल.

कपॅसिटर काढण्याआधी होल्डरमध्ये लावलेल्या बल्बमधून डिस्चार्ज करा. जुन्यावर लिहिलेल्या एमएफडी (मायक्रोफॅरड) आणि व्होल्टचाच नवा घ्या. मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात सगळे आकडे मिळतात, पण घराजवळचा रिवाइंडिंगवालाही ठेवतो. नव्यानेही सुरू झाली नाही तर मागचं झाकण उघडून स्विचचे पॉइंट पाहा. गंजाने ते उघडेच राहिलेले असतात. बारीक पॉलिश पेपर पुरतो. मोटार बंद करून वेग उतरताना ‘टिक’ असा आवाज आला, तर स्विच काम करतोय.

पावसाळे खाल्लेली मोटार आहे, म्हणून वीज देण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं मीटर) वायंडिंग ते बॉडी तपासून घ्या. एक मेगओहमच्या खाली असेल तर झाकण काढून १०० वॉटचा पिवळा बल्ब आत ठेवून वाळवा, मग पुन्हा मोजा.

केबलकडे सगळे दुर्लक्ष करतात. १.५ चौरस मिमीची ५० मीटर केबल लावली तर सुरू होतानाच्या ३५ अँपिअरला जवळजवळ ४० व्होल्ट वाटेतच पडतात. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे एक तृतीयांश जोर गेला. ३० मीटरपर्यंत १.५, त्यापुढे २.५, तांब्याची, तीन कोअर. मोव्हरच्या बॉडीपासून प्लगच्या मोठ्या पिनपर्यंत अर्थ सलग आहे याची खात्री करा आणि सॉकेटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. हँडलच्या मुठी रबरी असल्या तरी.

नेरूळची_बाग

कपॅसिटर फुगलेलाच निघाला, नवा लावल्यावर मोटार सुरू झाली. बेअरिंगही बदलतोय, कागदाच्या पट्टीतला फरक अगदी नगण्य आहे. आता पेस्टने घासायचं तर मोटारच उलटी फिरवून रील चालवलं तर चालेल का?

टर्नर_रबाळे

नको. मोटारीचा वेग त्या कामाला फार, पेस्ट उडून तोंडावर येईल. चेन काढलेलीच ठेवा, रीलच्या शाफ्टच्या नटवर सॉकेट लावून वेग कमी-जास्त होणाऱ्या ड्रिलने उलट दिशेने फिरवा, मिनिटाला २०० ते ३०० फेऱ्या. नट त्या दिशेने सुटत नाही ना, हे आधी पाहा. सुटत असेल तर दुसऱ्या टोकाकडून फिरवा.

इंजिनाच्या व्हॉल्व्हसाठी जी दोन तोंडांच्या डबीतली घासायची पेस्ट मिळते, तिची जाडी बाजू आधी. लांब दांड्याच्या ब्रशनेच लावा, बोट कधीही नाही. खालचं पातं हलकं टेकेल इतकंच वर घ्या. सुरुवातीला आवाज तुटक येतो, जिथे टेकतं तिथेच. हळूहळू तो पूर्ण लांबीभर एकसारखा सळसळता होतो. मग बारीक पेस्ट. शेवटी पाती रॉकेलने पुसून काढा. पेस्टचा कण बेअरिंगमध्ये गेला तर केलेलं काम वाया.

आता फट. हे मशीन कुऱ्हाडीसारखं तोडत नाही, कातरतं. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने ते बनवलं तेच कापडाची लव कातरण्याच्या यंत्रावरून. म्हणून दोन पात्यांनी एकमेकांना जेमतेम शिवायचं, दाबायचं नाही. हातमोजे घालून रील हाताने फिरवा, वर्तमानपत्राची पट्टी खालच्या पात्याला काटकोनात धरा. पाचही पाती डावीकडे, मध्ये, उजवीकडे स्वच्छ कापायला हवीत. समायोजनाचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने, एका वेळी पाव आट्यापेक्षा कमी. घट्ट केलंत तर धार वळते, पातं तापतं आणि मोटार उगाच जास्त करंट ओढते.

चेनही मोजा. अर्ध्या इंची चेनच्या २४ कड्या ताणून १२ इंच भरायला हव्यात. सव्वाबाराकडे सरकू लागल्या तर चेन बदला, स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे झाले असतील तर तेही.

हिरवळ_घोडबंदर

उंची ठरवायची तर मशीन उलटं करून पुढच्या आणि मागच्या रोलरवर सरळ पट्टी ठेवा. पट्टीपासून खालच्या पात्याच्या कडेपर्यंतचं अंतर हीच कापणीची उंची. दोन्ही टोकांना सारखी हवी. ‘सिलेक्शन वन’ ही लॉनची जात किंवा दुर्वा असेल तर २० ते २५ मिमी. रुंद पानांचं कार्पेट गवत असेल तर ४०च्या खाली नको.

एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. रीलच्या अर्ध्या व्यासाहून उंच गवत पात्यांत येतच नाही, रील त्याला पुढे लोटतं. जुलैत पाऊस लागून राहिला आणि गवत गुडघ्याला आलं, तर आधी ब्रश कटरने खाली आणा आणि उघडीप मिळून जमीन सुकल्यावरच मोव्हर बाहेर काढा. ओल्या गवतात २३० व्होल्टची केबल ओढायची नाही, आरसीसीबी असली तरी. कापताना सॉकेटच्या बाजूने सुरुवात करून लांब जात राहा, म्हणजे केबल कापलेल्या भागावर मागे पडून राहते.