युरो संकट: दोष कर्जाचा की नेतृत्वाचा?

बाळीवेस, सोलापूर: आमच्या अभ्यासगटात शनिवारी हा विषय आहे. ग्रीसची अर्थव्यवस्था एवढीशी, तरी 2010 च्या कर्जसंकटाची आग इटलीपर्यंत कशी गेली? नेते नेमके कुठे कमी पडले?

होटगी रोड: उशीर, दुसरं काय! ग्रीस सरकारच्या अर्थसंकल्पाची खरी तूट ऑक्टोबर 2009 मध्ये उघड झाली, 11,000 कोटी युरोचं पॅकेज आलं मे 2010 मध्ये. मधल्या काळात जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केल जर्मन मतदाराकडे पाहत राहिल्या; 9 मेला नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या जर्मन राज्याची निवडणूक होती. तोवर ग्रीसच्या कर्जावरचे व्याजदर भडकले आणि मदतीची रक्कम फुगली.

सात रस्ता: भाऊ, उशिरापेक्षा दोव्हिल जास्त महागात पडलं. फ्रान्समधल्या या गावी 18 ऑक्टोबर 2010 ला मर्केल आणि फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष सार्कोझी यांनी परस्पर ठरवलं की पुढच्या संकटांत खासगी गुंतवणूकदारांनीही तोटा सोसावा. तत्त्व रास्त होतं, पण कायमस्वरूपी संरक्षक निधी उभा करण्याआधी ते बोलून दाखवलं. आयर्लंडचे रोखे विकले जाऊ लागले, नोव्हेंबरात त्यांनाही मदत मागावी लागली. त्यात 2011 मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने दोनदा व्याजदर वाढवले!

होटगी रोड: मान्य. शेवटी 26 जुलै 2012 ला त्या बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष द्राघी यांच्या लंडनमधल्या एका वाक्याने, ‘युरो टिकवायला लागेल ते करू’, बाजार शांत झाला. निवडून न आलेल्या माणसाला ते करावं लागलं, हे मला फार खटकतं.

बाळीवेस, सोलापूर: आभारी आहे. दोव्हिलपासूनच सुरुवात करतो.