खुडूक कोंबडीखाली हॅचरीची पिल्ले सोडायची आहेत – कधी आणि कशी?

परसदार_सातारा
मंडळी, गावरान कोंबडी, वजन दीड किलोच्या आसपास. ११ अंड्यांवर बसून आज १८ वा दिवस. काल रात्री बॅटरी लावून अंडी पाहिली. ९ अंड्यांतून आरपार उजेड येतोय, दोनांत लालसर कडं दिसतं, हालचाल कशातच नाही. अंडी मे महिन्यातली, उन्हानेच गेली असावीत. परवा हॅचरीत कावेरीची (झपाट्याने वाढणारी सुधारित जात) एक दिवसाची पिल्ले मिळणार आहेत. १० आणून हिच्याखाली सरकवली तर घेईल का? दिवसा की रात्री? बल्ब लावायचा का? कोंबडी सध्या माळ्यावर टोपलीत बसली आहे.

खुराडेवाला
१८ व्या दिवशी जिवंत अंडं वरची हवेची पोकळी सोडली तर पूर्ण काळं दिसतं. लाल कडं म्हणजे गर्भ पहिल्याच आठवड्यात मेला. त्यामुळे वाट पाहण्यात अर्थ नाही. कडं दिसणारी दोन अंडी आजच काढा, ती कुजून फुटतात आणि सगळं घरटं नासतं. कोरी अंडी (आरपार उजेड येणारी) मात्र पिल्ले देईपर्यंत चार-पाच खाली राहू द्या. पोटाला अंड्याचा स्पर्श राहिला तरच खुडूक टिकते.

परवा २० वा दिवस, म्हणजे वेळ उत्तम जमली आहे. आठवडाभरच बसलेली कोंबडीही कधीकधी पिल्ले घेते, पण भरवसा नसतो. पिल्ले मात्र तीन दिवसांच्या आतली हवीत. चार-पाच दिवस बल्बखाली राहिलेली पिल्ले कोंबडीच्या हाकेला येत नाहीत, तिला बघून पळतात. लोक दोष कोंबडीला देतात, चूक पिल्लांच्या वयाची असते.

माळा आधी सोडा. पिल्लू खाली पडलं तर वर चढू शकत नाही. आज रात्रीच अंधारात टोपलीसकट उचलून जमिनीलगत, उंदीर-मांजर शिरणार नाही अशा खोलीत ठेवा. पिल्ले आणण्याच्या दिवशी हलवलीत तर जागाही नवी आणि पिल्लेही नवी, कोंबडी बिथरते. नव्या घरट्याची कड चार बोटांपेक्षा उंच नको. खाली गोणपाट आणि त्यावर भाताचा तूस. वर्तमानपत्र घालू नका, गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात.

परवा पिल्ले आणली की आधी गुळाचं पाणी (लिटरला दोन-तीन चमचे), मग थोडी कणी. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा. अंधार पडेपर्यंत उबेत ठेवा. गारठलेलं, भुकेलं पिल्लू कर्कश ओरडतं आणि त्या आवाजाने कोंबडी चवताळते. पोट भरलेलं, उबदार पिल्लू पेंगत असतं.

रात्री नऊनंतर, मोठा दिवा न लावता, बाजूने हात घालून एक अंडं काढायचं आणि त्याच हाताने त्या जागी एक पिल्लू. चोचीसमोरून हात नेऊ नका. आधी दोनच ठेवा आणि दहा मिनिटं नुसतं ऐका. कोंबडी हळू, खालच्या आवाजात ‘टुक टुक’ करू लागली, पंख सैल सोडले, की बाकीची सरकवा. एकही अंडं खाली ठेवू नका, नाहीतर ती बसूनच राहते आणि पिल्ले बाहेर गारठतात. पहाटे उजाडताना तिथे हजर राहा, खरी परीक्षा तेव्हाच असते.

डालगं_आणि_तूस
वरचं सगळं बरोबर, पण दहाच्या आकड्याबद्दल थोडं वेगळं मत. दीड किलोची गावरान पहिल्या आठवड्यात दहा पिल्ले आरामात झाकते. पण कावेरी गावरानपेक्षा झपाट्याने वाढते. तिसऱ्या आठवड्यात अर्धी पिल्ले पंखाबाहेर असतात, आणि तेव्हा ऐन पाऊस. आठ आणा. दहाच आणायची असतील तर तिसऱ्या आठवड्यापासून रात्री जागा कोरडी आणि वारा अडवलेली ठेवा. आणायची ती सगळी एकाच रात्री द्या. दोन-तीन दिवसांत कोंबडी आपली पिल्ले ओळखू लागते, नंतर आणलेलं पिल्लू ती टोचून मारते.

बल्ब नको. पिल्ले बल्बखाली जाऊन बसतात आणि कोंबडी कोपऱ्यात एकटी. ऊब तिच्याकडेच मिळायला हवी, त्याशिवाय नातं जुळत नाही.

आणि आज उजेडात तिच्या पंखांखाली, शेपटीच्या मुळाशी उवा-गोचीड बघा. तीन आठवडे बसलेल्या कोंबडीवर हमखास असतात आणि पहिल्याच रात्री पिल्लांवर उतरतात. परवापर्यंत तिला रोज दहा-पंधरा मिनिटं राख-मातीत लोळू द्या आणि जुनं गवत जाळून टाका. कीटकनाशक पावडर आता नको, पिल्ले त्याच पिसांत शिरणार आहेत.

लस_वेळेवर
खाद्य: कोंबडी आणि पिल्ले, दोघांनाही चिक स्टार्टरच (लहान पिल्लांचं तयार खाद्य). अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लांना सुमारे एक टक्का पुरे. जास्तीने मूत्रपिंडं खराब होतात. कोंबडी सध्या अंडी देत नाही, तिला स्टार्टर चालतो. पहिल्या आठवड्यात पिल्लामागे दिवसाला १०-१५ ग्रॅम धरा. पाणी उथळ झाकणात, आत खडे टाकून. खोल वाटीत पिल्ले बुडतात.

मरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणारा विषाणूजन्य रोग) लस हॅचरीतच पहिल्या दिवशी देतात, दिली का ते विचारून घ्या. ५ ते ७ व्या दिवशी मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. १४ व्या दिवशी गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस. अडचण अशी की कुपी निदान १०० पिल्लांची असते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवा. बर्फाशिवाय आणलेली लस दिली न दिली सारखीच.

पावसात तूस ओला झाला की तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास रक्ती हगवण लागते. पाण्याच्या भांड्याखालचा तूस रोज बदला.

परसदार_सातारा
काल रात्री आठ पिल्ले सोडली. सात पंखांखाली आहेत. एक काळपट पिल्लू समोर आलं की टोचते. तेवढं वेगळं काढू का?

खुराडेवाला
कुठे टोचते ते बघा. पाठीवर किंवा शेपटीकडे एकदाच टोचून ती पुन्हा ‘टुक टुक’ करत असेल तर वळण लावणं आहे ते, हात घालू नका. डोक्यावर, डोळ्याकडे सलग टोचत असेल, धरून झटकत असेल, तर लगेच काढा. दिवसभर उबेत ठेवून आज रात्री पुन्हा सर्वांत मागे सरकवा, आणि पहाटे खोलीत अंधार राहील असं पोतं खिडकीला लावा. कमी उजेडात रंगाचा फरक दिसत नाही आणि आवाजाची सवय होते. उद्या सकाळीही तसंच केलं तर मात्र नाद सोडा, ते बल्बवर वाढवा. सोबतीला दुसरं एक पिल्लू द्या, एकटं टिकणार नाही.

डालगं_आणि_तूस
आणि चार-पाच दिवस कोंबडी-पिल्ले डालग्याखालीच (उलट्या टाकलेल्या मोठ्या टोपलीखाली) ठेवा, लगेच अंगणात सोडू नका. घार वरून बघतेच, पण घात जास्त मुंगसाने होतो. डालग्यावर दगड ठेवायला विसरू नका.