तोफगोळ्याच्या बॉडीचं जॉबवर्क घ्यावं का?

मकरपुऱ्याचा लेथवाला

नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं) आणि बाबांच्या वेळचा एक जुना लेथ. पंपाचे शाफ्ट, व्हॉल्व्हच्या बॉड्या, फ्लँज, हेच आमचं काम. सध्या मंदी आहे, मशीनचे हप्ते चालू आहेत, आणि कामावरच्या पोरांना घरी बसवायची माझी अजिबात इच्छा नाही.

परवा एका दलालाकडून ड्रॉइंग आलं. नुसता पार्ट नंबर, पार्टीचं नाव नाही. फोर्जिंगची पोकळ बॉडी, नाक निमुळतं, तोंडाशी आटे, बुडाजवळ तांब्याच्या पट्टीसाठी खाच. बघताच कळलं, १५५ मिलिमीटरच्या तोफेचा गोळा. माल एक्स्पोर्टला जाणार म्हणाला. कुठे, असं विचारलं तर, "आपणने शुं फरक पडे?" भाव नेहमीपेक्षा बराच चढा आहे.

रात्री बसून वाचलं. या मापाचा एम-१०७ नावाचा जुना गोळा साधारण ४३ किलोचा असतो आणि त्यात स्फोटक असतं जेमतेम ७ किलो. बाकी सगळं पोलाद. माणसाच्या अंगात घुसतं ते मुख्यतः हे पोलाद, तुकडे होऊन. आमच्याकडे बॉडीला केसाएवढी चीर दिसली की माल रिजेक्ट होतो. ही बॉडी मात्र फुटावी म्हणूनच करायची. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी आली का, हे डायल लावून मीच तपासणार. माझा हात जितका साफ चालेल तितकं कुठेतरी, कोणाच्या तरी घरात, जास्त नुकसान. हे डोक्यातून जात नाही.

बायको नको म्हणते. भाऊ म्हणतो, धंद्यात इतका विचार करायचा नसतो. युद्ध वाईट हे तर सगळेच म्हणतात. पण तसं खरंच मानणाऱ्या माणसाने सोमवारी सकाळी लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब पकडायच्या जबड्यात, काय पकडायचं?

वाघोडिया रोड

दादा, तुम्ही सोडलंत तर राजकोटचा कोणी घेईल. गोळा तर बनणारच. पोरांचे पगार बघा आणि घ्या.

तोफखाना, निवृत्त

तोफखान्यात नोकरी झाली, आता मांजलपूरला असतो. कारगिलला १९९९ मध्ये आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे आणि रॉकेटं टाकली. डोंगर चढणाऱ्या पायदळाच्या पोरांना त्याच माऱ्याचा आधार होता. त्यामुळे दारूगोळा बनवणारे सगळे पापी, असं कोणी म्हटलेलं मला चालणार नाही. घरात घुसलेल्याला हाकलावंच लागतं.

पण एक सांगतो. तोफेवरच्या जवानाला गोळा कुठे पडतो ते दिसत नाही. त्याला दिशा, उंची, चार्ज यांचे आकडे मिळतात आणि तो फायर करतो. बघत असतो तो पुढे बसलेला ओपी, म्हणजे निरीक्षण चौकीवाला. मी ओपी पार्टीत रेडिओवर होतो. काय पाहिलं ते घरीसुद्धा बोललेलो नाही, इथेही नाही बोलणार. पलीकडे मेलेलेही कोणाच्या तरी गावचे नाईक, लान्सनाईकच होते.

आम्हाला निदान माहीत होतं की हुकूम कोणाचा आणि कशासाठी. तुम्हाला तर पार्टीचं नावही सांगत नाहीत. घेऊ नका. आपल्या फौजेचं काम असतं तर घ्या म्हटलं असतं.

दांडिया बाजारची मास्तरीण

भाऊंनी ओपीचं लिहिलं ते वाचून आपल्या गुजरातचीच एक गोष्ट आठवली. मुलांना इतिहास शिकवताना ती मी कधी सोडली नाही. १९ सप्टेंबर १९६५. मुख्यमंत्री बळवंतराय मेहता लहानशा बीचक्राफ्ट विमानाने कच्छच्या सरहद्दीकडे चालले होते. पाकिस्तानी वैमानिक कैस हुसैन याने ते गाठलं. विमान नागरी आहे हे त्याला दिसलं, त्याने ते खाली कळवलंही. तरी पाडायचा हुकूम आला आणि त्याने पाडलं. मेहता, त्यांच्या पत्नी, सगळे मिळून आठ जण गेले. तब्बल ४६ वर्षांनी, २०११ मध्ये, त्याने त्या विमानाचे वैमानिक जहांगीर इंजिनीयर यांच्या मुलीला, फरीदा सिंग यांना, पत्र लिहून दुःख व्यक्त केलं. बाईंनी मोठ्या मनाने उत्तर दिलं, कडवटपणा ठेवला नाही.

त्या दिवशी ज्याला दिसत होतं त्याच्या हातात निर्णय नव्हता, आणि हुकूम देणाऱ्याला खुर्चीतून काही दिसत नव्हतं. युद्धात हे असंच चालतं, म्हणून भली माणसंही त्यात भयंकर कामं करून जातात. लेथवाले दादा, त्या साखळीची पहिली कडी तुमच्या चकमध्ये आहे. तिथे अजून कोणाचा हुकूम नाही. दिसतंय तुम्हाला आणि ठरवायचंही तुम्हीच.

वाघोडिया रोडच्या भावांना: १९४० मध्ये इंग्रजांच्या युद्धाला मदत करू नका असं सांगायला गांधीजींनी गर्दी जमवली नाही, एकच माणूस निवडला. विनोबा. त्यांचं शाळा-कॉलेज आपल्या बडोद्यातच झालं. १७ ऑक्टोबरला पवनारला ते एकटे उभे राहिले. महायुद्ध काही त्यामुळे थांबलं नाही. पण पुढे एकेक करत हजारो माणसं तेच बोलून तुरुंगात गेली. "दुसरा करेलच" यावर विनोबा थांबले असते, तर त्या हजारांतला पहिलाच निघाला नसता.

कायमची शांतता म्हणजे भाबडेपणा, असं इथे कोणी म्हणायच्या आत सांगते. फ्रान्स आणि जर्मनी १८७०, १९१४, १९३९, तीनदा एकमेकांवर धावून गेले. १९५० मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमां यांनी सुचवलं की दोघांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामाईक देखरेखीखाली आणू. १९५१ मध्ये सहा देशांनी तसा करार केला. प्रेम वगैरे काही उतू चाललं नव्हतं, जखमा ओल्याच होत्या. पण आपलं पोलाद कुठे जातं हे शेजाऱ्याला दिसू लागलं आणि लपून तोफा ओतणं अवघड झालं. त्यानंतर ते दोघे एकमेकांशी लढलेले नाहीत. माल कुठे जाणार, हा तुमचा दलालाला विचारलेला प्रश्न मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

तोफखानावाल्या भाऊंचं आपल्या फौजेबद्दलचं म्हणणं मी खोडणार नाही. पण पलीकडच्या गावातला लेथवालाही आपल्या फौजेसाठीच बनवत असतो, हे मनातून जात नाही.

कागदपत्रवाला

एक्स्पोर्टचे कागद करतो म्हणून सांगतो. तोफगोळा आणि त्याचे सुटे भाग परदेशी पाठवायला संरक्षण उत्पादन विभागाचा परवाना लागतो, माल शेवटी कोण वापरणार त्याचं प्रमाणपत्र लागतं. दलाल ते दाखवत नसेल तर बाकीची चर्चाच सोडा, लांब राहा.

मकरपुऱ्याचा लेथवाला

सगळ्यांचे आभार. दलालाकडे कागद मागितले, तो टाळतोय. पण ताई, कागद आणलेच तरी मी हे काम घेणार नाही, हे आज दुपारी पोरांसमोर बोललो. त्यातल्या एकाला पगाराची काळजी वाटली, तसं त्याने तोंडावर विचारलं, आणि त्याचं बरोबर आहे. जुना लेथ विकून एक-दोन महिने निघतील.

काका, आपल्या फौजेचं काम आलं तर काय, यावर माझं अजून ठरत नाहीये. तुमच्याशी प्रत्यक्ष बोलायला आवडेल, मांजलपूर जवळच आहे.

कोणाकडे पंप, व्हॉल्व्ह, डेअरीच्या मशिनरीचं टर्निंग-बोअरिंगचं काम असेल तर कळवा. स्टेनलेसही करतो.