मदत हवी आहे: भाड्याच्या घरातील गिझरची गळती

पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेल्या सदनिकेतील २५ लिटरचा जुना गिझर आठवडाभर गळतो आहे. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणे स्वाभाविक असते, हे मला ठाऊक आहे. परंतु येथे कॉइलच्या वायरी जिथून आत जातात, त्या खालच्या झाकणाच्या कडेने तांबूस पाणी ठिबकते आणि गिझर बंद असतानाही सकाळपर्यंत बादलीचा तळ भरतो. एमसीबी (बिघाड होताच वीज आपोआप तोडणारा स्विच) दोनदा पडल्यामुळे मी वीज व पाणी दोन्ही तोडले आहे. बोअरच्या जड पाण्याने टाकीच गंजली असावी, असा माझा अंदाज आहे. घरमालक मात्र ‘वॉशर बदला, खर्च तुमचा’ म्हणतात. करारानुसार किरकोळ दुरुस्ती माझ्याकडे आहे. पण गंजलेली टाकी किरकोळ कशी? दोष टाकीचा की गॅस्केटचा (झाकणाखालच्या रबरी वॉशरचा), हे कसे ओळखावे आणि मालकांना लेखी काय कळवावे, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.