'अनसपोर्टेड' टेस्टला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: कंपायलरच्या टेस्ट-सूटमधली एखादी टेस्ट ज्या हार्डवेअर-फीचरवर बेतलेली असते, ते टार्गेटमध्ये (ज्या यंत्रासाठी कोड बनवायचा त्यात) नसेल तर निकालात 'अनसपोर्टेड' येतं. मराठीत कुणी 'असमर्थित' लिहितं, कुणी 'वगळलेली', कुणी थेट 'नापास'. काय वापरावं?

उत्तर १: 'नापास' मुळीच नको, कारण टेस्ट चाललेलीच नसते. 'असमर्थित' वाचून अर्थ लागत नाही. 'गैरलागू' नेमका बसतो: ही टेस्ट या टार्गेटला गैरलागू. 'वगळलेली' हा शब्द कुणी मुद्दाम बाजूला ठेवलेल्या टेस्टसाठी राखावा.

'एक्सफेल' म्हणजे 'अपेक्षित अपयश', ते निराळं. तिथे टेस्ट चालते आणि ओळखीच्या बगमुळे नापास होते. फीचर नाही म्हणून एक्सफेल लावलं, तर फीचर असलेल्या यंत्रावर टेस्ट पास होऊन 'एक्सपास' येतो. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाचं टेस्ट चालवणारं साधन लिट त्याला अपयशातच मोजतं, आणि बिल्ड विनाकारण लाल होतो. अशा जागी 'रिक्वायर्स'ची, म्हणजे 'हे फीचर असेल तरच चालवा' अशी अटच हवी.

उत्तर २: 'गैरलागू' पटलं, पण कोणत्या पातळीवर, तेही लिहा. इन्स्ट्रक्शन तयार करता येणं वेगळं, चालवता येणं वेगळं. जीसीसी या कंपायलरच्या टेस्टमध्ये निऑनसाठी (आर्म प्रोसेसरमधला, एकाच वेळी अनेक आकडे हाताळणारा इन्स्ट्रक्शन-संच) म्हणूनच 'आर्म_निऑन_ओके' आणि 'आर्म_निऑन_एचडब्ल्यू' अशा दोन अटी आहेत. पहिली कंपाइल करण्यापुरती, दुसरी चालवण्यासाठी. चालवायच्या टेस्टला फक्त पहिली दिली, तर निऑन नसलेल्या यंत्रावर प्रोग्राम 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'वर कोसळतो आणि दोष कंपायलरच्या माथी येतो. निऑनचे फ्लॅग टेस्ट-फाइलमधल्या 'डीजी-ॲड-ऑप्शन्स' या सूचनेने जोडा. ती ओळ 'डीजी-ऑप्शन्स'च्या खालीच हवी.

तयार झालेलं असेंब्ली नुसतं फाइलचेकने (एलएलव्हीएमचं मजकूर जुळवून बघणारं साधन) तपासायचं असेल तर हार्डवेअर लागतच नाही. त्या प्रोसेसरचा बॅकएंड, म्हणजे कंपायलरचा कोड तयार करणारा भाग, बिल्डमध्ये असला की झालं. तिथे, एक्स८६ असेल तर, 'एक्स८६-रजिस्टर्ड-टार्गेट' एवढी अट पुरते.

प्रश्नकर्ता: फीचर बंद असताना कंपायलर इन्ट्रिन्सिक (थेट एखादी इन्स्ट्रक्शन मागणारं फंक्शन) नाकारतो का, हे बघणारी टेस्टही गैरलागूच ना?

उत्तर २: नाही. तिथे नकार हाच अपेक्षित निकाल, त्यामुळे ती पास किंवा नापास होते.

उत्तर १: आणखी एक. 'रिक्वायर्स'मधल्या नावात एक अक्षर चुकलं तरी टेस्ट सगळ्याच यंत्रांवर गैरलागू ठरते, तक्रार कुठेच उमटत नाही. नवी अट घातली की लिट 'शो-अनसपोर्टेड' पर्यायासह चालवा, आणि फीचर असलेल्या निदान एका यंत्रावर टेस्ट खरंच चालते ना, ते बघा.