हातउसने ४ लाख, चेक परत, मधे ५० हजार मिळाले: नोटीस किती रकमेची?

प्रश्न: ४ लाख हातउसने दिले. अडीच लाख खात्यातून, दीड लाख रोख, लिखापढी काही नाही. समोरच्याने ४ लाखांचा चेक दिला. नंतर यूपीआयवर ५० हजार परत आले. मग चेक बँकेत टाकला तर ‘अपुरी शिल्लक’ म्हणून परत. बँकेचा मेमो (चेक परत आल्याची चिठ्ठी) येऊन ९ दिवस झाले. नोटीस साडेतीनची द्यावी की चारची? आणि रोखीचा पुरावा काय?

उत्तर १: घाईने नोटीस पाठवू नका. चेक टाकला त्या दिवशी देणं साडेतीन लाखच होतं. फिटलेल्या रकमेची नोंद चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम ५६ प्रमाणे चेकवर न करता पूर्ण रकमेसाठी तो टाकला, तर चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. नोटिशीत आकडा कमी लिहून हा दोष जात नाही. साडेतीन लाखांचा नवा चेक मागा. ते ५० हजार दुसऱ्याच व्यवहाराचे असतील आणि तसं कागदावर दाखवता येत असेल, तरच गोष्ट वेगळी.

उत्तर २: नवा चेकही परत आला तर मुदती चुकवू नका. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, ते उलटले की महिन्याच्या आत तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात तक्रार. नोटीस पोचपावतीसह पाठवा. पत्ता बरोबर असेल तर ‘घेण्यास नकार’ शेरा आला तरी ती बजावली असंच धरतात.

उत्तर ३: सही मान्य असली की चेक देणं फेडण्यासाठीच दिला असं कोर्ट धरून चालतं (त्याच कायद्याचं कलम १३९). पण ते गृहीतक खोडायला समोरच्याने आपली बाजू संभवनीय ठरवली तरी पुरतं, आणि उलटतपासणीत हमखास विचारतात: दीड लाख आणले कुठून? त्याच सुमारास रोख काढल्याची पासबुकातली नोंद आणि त्या वर्षाचं आयकर विवरणपत्र काढून ठेवा. ‘पैसे मिळाले’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा, फोन फॉरमॅट करू नका. २० हजार किंवा जास्त रोखीत घेतले म्हणून देणंच बेकायदा, हा बचाव सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळला आहे.

प्रश्नकर्ता: नवा चेक दिलाच नाही तर?

उत्तर १: साडेतीन लाखांचा दिवाणी दावा लावा. मुदत पैसे दिल्या तारखेपासून ३ वर्षं. परत आलेला चेक आणि मेमो तिथे पुरावा म्हणून कामाला येतात, मूळ प्रती फेकू नका.