उत्तर: कॅश तमिळ की लॅटिन?

तमिळ 'कासु'वरून (म्हणजे छोट्या नाण्यावरून) इंग्रजी 'कॅश' आला, असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं. दिसायला सारखे असले तरी इंग्रजीत 'कॅश' हे दोन वेगळे शब्द आहेत. रोकड या अर्थाचा कॅश लॅटिन 'काप्सा'वरून, म्हणजे पेटीवरून, इटालियन-फ्रेंच मार्गाने आला. इंग्रजीतही आधी त्याचा अर्थ पैशांची पेटी असाच होता. पेटीचं नाव मग आतल्या पैशाला चिकटलं. कासु पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला, पण छोट्या नाण्याचं नाव म्हणून. मद्रास इलाख्यात ८० कॅशचा एक फनम (त्या वेळचं त्याहून मोठं नाणं) होई. चीनमधल्या भोकवाल्या नाण्यांनाही इंग्रज कॅशच म्हणत.

आणखी एक गंमत: बँकेतला कॅशियर पेटीवाल्या घराण्यातला, पण लष्करी अधिकाऱ्याला बडतर्फ करणं या अर्थाचं 'कॅशियर' क्रियापद रद्द करणं या अर्थाच्या फ्रेंच 'कासे'वरून डचमार्गे आलंय. त्याचा पैशाशी काडीचाही संबंध नाही.